पाकिटावरचा लॉट नंबर: .२२ काडतुसं रायफलशी जुळवताना

एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या .२२ काडतुसांची दोन पाकिटं शेजारी ठेवली तर रंग तोच, किंमत तीच. वेगळे असतात ते झाकणाच्या कडेला छापलेले बारीक आकडे. बालेवाडीच्या ५० मीटर रेंजवर त्याच रायफलमधून, त्याच रेस्टवरून, म्हणजे रायफल टेकवायच्या आधारावरून, मारलं तर एका पाकिटाच्या दहाच्या दहा गोळ्या दहात बसतात आणि दुसऱ्यातल्या दोन-तीन नऊवर जातात. रायफल बदललेली नसते, हवा बदललेली नसते. बदललेला असतो लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली खेप. म्हणून काडतूस निवडायचं म्हणजे आधी लॉट निवडायचा आणि ब्रँडचा विचार नंतर करायचा. नवीन मुलामुलींना हे लवकर कळलं तर त्यांचे पैसेही वाचतात आणि 'माझंच चुकतंय' हा नाहक घोरही लागत नाही.

हा फरक मुळात येतो कुठून? .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस आहे. सेंटरफायरसारखी मध्यभागी वेगळी टोपी नसते. पितळी केसच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते, तिच्या आतल्या पोकळीत पेट घेणारं मिश्रण पसरवलेलं असतं. पिन कडेवर आपटते, कड चेपते आणि मिश्रण पेटतं. हे मिश्रण कडेत सगळीकडे सारखं बसलं नाही, तर पिन कुठे आपटली यावर ज्वाला कमीजास्त होते. त्यात दारूच्या वजनातला किंचित फरक, शिशाच्या गोळीवरच्या घडीची पकड आणि वरच्या मेणाचा थर यांची भर पडते. कारखान्यात साचे झिजतात, बदलले जातात, दारूची नवी खेप येते. प्रत्येक बदलासरशी काडतुसाचा स्वभाव जरासा हलतो. आणि .२२ घरी पुन्हा भरायचं काडतूस नव्हे. आत जे भरलेलं आहे ते आहे; नेमबाजाच्या हाती फक्त निवड उरते.

आता हा 'जरासा' किती महाग पडतो ते बघू. स्पर्धेच्या काडतुसात साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी असते आणि ती ३२५ ते ३३५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. आवाजाचा वेग २० अंश सेल्सियसला सुमारे ३४३ मीटर. गोळी मुद्दामच त्याच्या खाली ठेवलेली असते, कारण आवाजाची सीमा ओलांडून खाली येताना ती डगमगते. 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेलं पाकीट टार्गेटसाठी घेऊ नये ते याचसाठी. या वेगाने ५० मीटर जाईपर्यंत गोळी सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला, तर टार्गेटवर वर-खाली ७ मिलिमीटरच्या आसपास फरक दिसतो. दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर, गोळीचा ५.६. रिंगला नुसता स्पर्श झाला तरी दहा मिळतो, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. त्यातले सात जर काडतुसानेच खाल्ले, तर श्वास, हृदयाचा ठोका आणि ट्रिगर यांच्यासाठी उरलं काय?

दशांश गुणांचा हिशोबही सोपा आहे. ५० मीटरवर दर ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण बदलतो. मध्यापासून ०.८ च्या आत १०.९, ४.० पर्यंत १०.५, ८.० ला १०.०. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली ती ६० गोळ्यांत ५९७ गुणांवर. तेव्हा पात्रता फेरीत पूर्णांक मोजत. आता प्रोनमध्ये दशांश मोजतात. थ्री पोझिशनची, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराची, पात्रता फेरी मात्र पूर्णांकातच होते आणि दशांश येतो अंतिम फेरीत. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेचं कांस्यपदक ५९० च्या पात्रतेनंतर ४५१.४ वर आलं. म्हणजे आपण कुठला प्रकार खेळतो यावर काडतुसाकडून काय हवं ते ठरतं. पूर्णांकात ९.९ टाळणारा लॉट हवा. दशांशात सगळ्या गोळ्या मध्याकडे ओढणारा हवा. दोन्ही गोष्टी एकाच लॉटमध्ये असतातच असं नाही.

चाचणीची पद्धत सांगतो. यातली एकही पायरी गाळली तर निकाल फसवा येतो, हे रेंजवर पुन्हा पुन्हा दिसतं.

वेळ पहाटेची. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, ऊन चढायच्या आत. प्रतिसेकंद १ मीटर इतकं आडवं वारं ५० मीटरवर गोळी सहा-सात मिलिमीटर सरकवतं, आणि एवढं वारं अंगाला धड जाणवतही नाही. उदबत्तीचा धूर तेवढा कलतो. अशा वाऱ्यात दोन लॉटची तुलना म्हणजे वाऱ्याचीच तुलना. जून ते सप्टेंबर पुण्यात पश्चिमेचं वारं सतत असतं. ते दिवस वारा वाचायच्या सरावाला उत्तम, लॉट तपासायला निरुपयोगी. झेंडे लावलेले असावेतच. ते हलले की थांबायचं.

रायफल पक्की. ॲक्शनचे, म्हणजे बोल्ट बसतो त्या यंत्रभागाचे, स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कला, टॉर्क रेंच लावून. अंदाजाने आवळलेला स्क्रू दुपारपर्यंत सैल झालेला असतो. पुढे रेस्ट, मागे बटाखाली वाळूची पिशवी. बॅरल रेस्टवर टेकवायची नाही, फोरएंड, म्हणजे नळीखालचा दस्त्याचा पुढचा भाग, टेकवायचा, आणि दर वेळी त्याच जागी. बॅरलला आधार दिला की तिचं कंपन बदलतं आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, सरकतो. परदेशात मोठ्या कारखान्यांच्या चाचणी केंद्रांत ॲक्शन लोखंडी शिकंज्यात धरतात. एलीचं बर्मिंगहॅमला आणि लापुआचं जर्मनीत शोनेबेकला असं केंद्र आहे. आपल्याकडे रेस्टवर भागवावं लागतं. रेस्टवर मारणारा माणूस मात्र चाचणी संपेपर्यंत एकच असावा. मध्येच दुसरा बसला की गालाचा दाब बदलतो आणि आकडे बदलतात.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकते. प्रत्येक कारखान्याचं मेण वेगळं. एका कंपनीची काडतुसं मारून झाल्यावर नळीत त्या मेणाचा थर बसलेला असतो. त्यावरून लगेच दुसरी कंपनी मारली, तर पहिल्या १० ते २० गोळ्या भरकटतात. त्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर मांडणं म्हणजे तिच्यावर अन्यायच. म्हणून कंपनी बदलताना नळीतून दोन-तीन कोरडे पॅच, म्हणजे कापडाचे तुकडे, ओढावेत, मग नव्या काडतुसाच्या निदान १५ गोळ्या नुसत्या मारून टाकाव्यात, आणि ग्रुप एका जागी स्थिरावला की मोजायला सुरुवात करावी. एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट तपासताना पाचेक गोळ्या पुरतात. चार लॉट तपासायचे तर या 'वाया' जाणाऱ्या गोळ्यांसाठी एक जादा पाकीट धरूनच चालावं.

गोळ्या किती? एका लॉटच्या ४०, दहा-दहाच्या चार ग्रुपमध्ये. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नये. त्याच रायफल-काडतुसाचा पाचचा ग्रुप सरासरी १२ मिलिमीटर येत असेल, तर दहाचा सरासरी १५ च्या आसपास येतो; काडतूस बिघडलेलं नसतं, गोळ्या वाढल्या की कडेची गोळी सापडायची शक्यता वाढते. मोबाईलवर फिरणारे सुंदर पाच गोळ्यांचे फोटो बघून ब्रिक, म्हणजे दहा पाकिटांचा गठ्ठा, घेणाऱ्यांची फसगत इथेच होते.

मोजायचं काय, हेही ठरवून घ्यावं. दोन टोकांच्या गोळ्यांमधलं अंतर मोजणं सोपं, पण त्यात ४० पैकी ३८ गोळ्यांची साक्षच घेतली जात नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक गोळीचं आडवं-उभं स्थान देतं. त्यांची सरासरी म्हणजे ग्रुपचा मध्य. त्या मध्यापासून प्रत्येक गोळीचं अंतर काढून त्यांची सरासरी घ्यावी. स्क्रीनवरचे दशांश गुण थेट बेरजेला घेऊ नयेत, कारण ग्रुप मध्यापासून तीन मिलिमीटर सरकलेला असेल तर चांगला लॉटही वाईट दिसतो. तो दोष साईटच्या क्लिकचा असतो.

समजा, एका लॉटचं सरासरी अंतर ३.४ मिलिमीटर आलं आणि दुसऱ्याचं ४.३. फरक ०.९ मिलिमीटर, म्हणजे गोळीमागे सुमारे ०.११ गुण आणि ६० गोळ्यांत साडेसहा. पण हा झाला रेस्टवरचा हिशोब. माणूस रायफल धरतो तेव्हा त्याचा स्वतःचा पसारा त्यात मिसळतो. ज्याचा स्वतःचा पसारा सरासरी ६ मिलिमीटर आहे, त्याला हाच फरक ६० गोळ्यांत साडेतीन गुणांचा पडतो. ज्याचा १५ मिलिमीटर आहे, त्याला दीड-पावणेदोन गुणांचा. म्हणून प्रोनमध्ये अजून ५५० च्या आसपास घुटमळणाऱ्याने टेनेक्स किंवा आर-५० अशा महाग जातींच्या मागे धावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. एसके स्टँडर्ड प्लस किंवा एली क्लबच्या दर्जाचं, एकाच लॉटचं काडतूस भरपूर मारावं. जो ६१५ च्या पुढे गेलाय, त्याने मात्र लॉट न तपासता राज्य स्पर्धेला जाणं म्हणजे आधीच गुण सोडून देणं. महाग जातीचा अपुरा जुळलेला लॉट आणि तिच्या खालच्या जातीचा नीट जुळलेला लॉट यांत आम्ही दर वेळी दुसरा घेऊ.

ग्रुपचा आकारही बोलतो. उभा लांबट असेल तर वेगातला फरक, म्हणजे काडतूस किंवा पिनचा मार. आडवा लांबट असेल तर आधी वारं बघा. दोन वेगळे पुंजके पडले तर लॉटला दोष देण्याआधी ॲक्शनचे स्क्रू आणि साईटचे स्क्रू तपासा. नऊ गोळ्या एकत्र आणि एक लांब, असं प्रत्येक ग्रुपमध्ये होत असेल, तर तो लॉट सोडून द्या. 'ती एक गोळी सोडली तर' असं म्हणायची मुभा स्पर्धेत नसते.

एलीच्या पाकिटावर लॉट नंबरबरोबर वेगही फूट प्रतिसेकंदात छापलेला असतो. जुळलेला लॉट संपला की पुढचा शोधताना आधी त्याच वेगाच्या आसपासचे लॉट मागावेत. हमी नसते, पण शोध छोटा होतो.

लॉट निर्दोष असूनही ग्रुप फुटतो, त्याची कारणं बहुतेक चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, सापडतात. चेंबरच्या पुढच्या कडेला, गोळी जिथून आट्यांत, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांत, शिरते, तिथे काजळी आणि शिसं मिळून कडक कडं बनतं. गोळी त्याला घासून शिरते, तिचं मेण खरवडतं. खूण अशी की काडतूस आत ढकलायला जास्त जोर लागतो आणि पूर्वी जुळलेला लॉट हळूहळू पसरू लागतो. साफसफाई नेहमी बोल्टच्या बाजूने, बोअर गाइड, म्हणजे गज सरळ ठेवणारी नळी, लावून करावी. नळीच्या तोंडाकडून गज घातला आणि तोंडाची कड घासली गेली, तर ती रायफल पुन्हा तशी मारत नाही. सॉल्व्हंटचा पॅच, दहा मिनिटं थांबून पितळी ब्रशचे मोजके फेरे, मग कोरडे पॅच. पावसाळ्यात काम झाल्यावर तेलाचा हलका पॅच ओढावा आणि मारण्याआधी तो कोरड्या पॅचने पुसून काढावा. तेलकट नळीतून पहिल्या गोळ्या कुठेही जातात. साफ केल्यावर पुन्हा १५-२० गोळ्या मारून नळी बसवावी लागते, म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी लख्ख करू नये.

पिनचा मार हा दुसरा गुन्हेगार. मारलेल्या केसच्या कडेवरची खूण बघायची सवय ठेवा. ती खोल, स्वच्छ आणि दर वेळी त्याच जागी हवी. उथळ किंवा तिरकी दिसू लागली तर पिनची स्प्रिंग थकलेली असते किंवा बोल्टमध्ये जुनं घट्ट ग्रीस साचलेलं असतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-अकरावर येतो, तेव्हा हे ग्रीस घट्ट होऊन मिसफायर वाढतात आणि दोष काडतुसाला लागतो.

मिसफायर झाला तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, हात वर करून रेंज ऑफिसरला सांगायचं आणि मगच बोल्ट उघडायचा. काडतूस उशिरा पेटू शकतं. ते पुन्हा चेंबरमध्ये घालण्याचा मोह टाळा, वेगळ्या डब्यात टाका आणि रेंजकडे सोपवा. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे 'फुस्स' असा दबका आवाज. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी मारली तर बॅरल फुगते. आवाज वेगळा आला की बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघितल्याशिवाय पुढची गोळी नाही. मॅच चेंबरमध्ये गोळीचं टोक आट्यांत रुतलेलं असतं. भरलेलं काडतूस न मारता बाहेर ओढलं तर कधी केस हातात येते, गोळी आत राहते आणि दारू ॲक्शनमध्ये सांडते. मालिका संपवताना जादा काडतूस भरू नये, हा त्यावरचा साधा उपाय.

उन्हाळ्याचं वेगळंच. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८-४० वर जातो. बंद गाडीत राहिलेल्या पाकिटातलं मेण मऊ होऊन एका बाजूला उतरतं, काही गोळ्या कोरड्या पडतात. शिवाय गरम दारूचा वेग वाढतो आणि ग्रुप वर चढतो. पाकीट सावलीत, शक्यतो जाड डब्यात ठेवावं. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून वाऱ्याची वाट बघत बसलं तरी तीच गोष्ट होते. अर्धा मिनिट गेलं तर पुढची गोळी वर जाणार हे धरून चाला. काडतूस खाली पडलं तर ते सरावाला, तेही पुसून. मेणाला चिकटलेला वाळूचा कण नळीला पॉलिश पेपरसारखा लागतो.

वजन करून किंवा कडेची जाडी मोजून काडतुसं निवडण्याबद्दल बरंच बोललं जातं. स्वस्त काडतुसांत त्याने टोकाच्या काही गोळ्या बाजूला काढता येतात. मॅच दर्जाच्या काडतुसांत लागणारा वेळ आणि मिळणारा फायदा यांचा मेळ बसत नाही. तेवढ्या वेळात ड्राय ट्रेनिंग, म्हणजे काडतुसाशिवायचा सराव, करावं. मात्र रिमफायरमध्ये रिकाम्या चेंबरवर पिन मारू नये. ती चेंबरच्या कडेवर आपटून खाच पाडू शकते. ड्रायफायरची सोय असलेला ट्रिगर किंवा वेगळी पिन वापरावी.

शिकारीची काडतुसं हा वेगळा विषय, आणि आपल्याकडे तो कायद्यापाशी सुरू होऊन तिथेच संपतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांबाबतही अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी चालवता येत नाही. जुन्या परवान्यांवर दिसते ती .३१५ स्पोर्टिंग रायफल. तिची मऊ टोकाची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची. तिच्या जुन्या केसच्या बुडावर 'के. एफ.' कोरलेलं असतं. ती किर्की फॅक्टरी, म्हणजे आपल्या खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. मऊ टोक आदळल्यावर पसरावं यासाठी असतं. टार्गेटवर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि .२२ च्या रेंजच्या गोळीरोधकासमोर अशी रायफल आणूच नये. .२२ ला मात्र कुणी 'छोटी गोळी' समजू नये. तीही दीड किलोमीटरपर्यंत जीवघेणी ठरू शकते.

खरेदीच्या वेळी परवान्यावरची मर्यादा आधी बघावी. विकत घेतलेल्या प्रत्येक राउंडची नोंद परवान्यावर होते आणि दुसऱ्याच्या परवान्यावरची काडतुसं उसनी घेता-देता येत नाहीत. मॅच काडतुसं बाहेरून येतात आणि एक खेप संपली की तोच लॉट परत मिळत नाही. म्हणून आधी प्रत्येक लॉटची दोन पाकिटं घ्यावीत, आठवड्याच्या आत चाचणी उरकावी आणि निकाल लागताच मर्यादेत बसेल तेवढा साठा त्याच लॉटचा उचलावा. ५० चं पाकीट, १० पाकिटांची ब्रिक. थ्री पोझिशनच्या एका सामन्याला गुणांसाठीच्या ६० गोळ्या आणि साईटर, म्हणजे आधीच्या सरावाच्या गोळ्या, धरून १०० राउंड मोजा, त्यावरून हंगामाचा आकडा काढा. प्रत्येक पाकिटावर मार्करने चाचणीची तारीख आणि सरासरी अंतर लिहा. काडतुसं आणि रायफल वेगवेगळ्या कुलपात ठेवा. मिश्रणात आणि गोळीत शिसं असतं, म्हणून रेंजवरून उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा हातात घेऊ नका.

आणि जुळलेल्या लॉटची दोन पाकिटं शेवटपर्यंत फोडू नयेत. पुढे कधी ग्रुप बिघडला, तर रेस्टवर त्यातलं एक मारायचं. ते पूर्वीसारखं बसलं तर चूक नव्या लॉटची. तेही पसरलं तर बोअर गाइड काढा आणि चेंबर साफ करायला बसा.